'नाही' सांगायला समुद्रपूरला गेलेल्या झाडे मॅडम

डॉ. प्रमिला झाडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कूलर ढकलत होत्या. महिना मे. आमच्याकडचा मे बाहेरगावच्यांना सांगून कळत नाही, तो अंगावर घ्यावा लागतो. मी एम.एस्सी.चा निकाल हातात घेऊन, संशोधनासाठी कोणी मार्गदर्शक मिळतील का हे विचारायला वर्ध्याच्या आमच्या संस्थेत आले होते. वरच्या मजल्यावर पोहोचले तर व्हरांड्यात सुती साडीचा पदर खोचलेल्या एक बाई घामाघूम होऊन भला मोठा लोखंडी कूलर रेटत होत्या आणि त्यातलं पाणी सगळीकडे सांडत होतं. कोण तू, कुठली, काही विचारलं नाही. "तिकडून धर," एवढंच म्हणाल्या. मी फाइल खिडकीत ठेवली आणि धरलं.

कूलर जिन्यापाशी नेऊन टेकवल्यावर कारण कळलं. कोणी बडे पाहुणे संस्था बघायला येणार होते आणि त्यांना गार वाटावं म्हणून संचालकसाहेबांनी तो पेशी वाढवायच्या खोलीच्या दाराशी लावायला सांगितला होता. ओल्या वाळ्यातून येणाऱ्या दमट हवेबरोबर बुरशी येते, आणि काचेच्या डिशमध्ये वाढणाऱ्या पेशींना बुरशीइतका मोठा वैरी नाही. मॅडमनी सांगून पाहिलं होतं. कोणी हललं नाही, तेव्हा पदर खोचला. पाहुण्यांना घाम फुटला तर पुसता येतो, पेशींना पुसता येत नाही, असं त्या मला समजावत होत्या आणि मी कोण हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा सोबत एक सूचनाही आली. आठवणी हृद्य असाव्यात, वादाचे विषय टाळावेत, मॅडमच्या प्रेमळ स्वभावावर भर द्यावा. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडम प्रेमळ आहेत हे मला सांगता? त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि तिखट झुणका मी कैक वर्षं खाल्ला आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या खोलीवर येऊन, मला शिव्या घालत, त्यांनी पेज करून दिली आहे. पण ज्या गोष्टीसाठी या बाईंच्या पायाशी बसावं, ती वगळून त्यांच्या झुणक्यावर लेख लिहायचा, याला गौरव म्हणत नाहीत. त्याला तोंड बंद करणं म्हणतात. आणि हे सांगणाऱ्या गौरव समितीचे मार्गदर्शक कोण, तर तेव्हाचे तेच संचालक! म्हणून मी कळवलं की लेख छापायचा तर जसाच्या तसा छापा, नाहीतर परत पाठवा. तुम्ही तो वाचता आहात, म्हणजे छापला. त्याबद्दल संपादकांचे मनापासून आभार.

मॅडम मूळच्या आर्वीच्या. नागपूरला शिकल्या, पुढे परदेशात नावाजलेल्या प्रयोगशाळेत काम केलं आणि चांगलं चाललेलं असताना वर्ध्याला परत आल्या. त्यांच्या आत्याबाई शेवटपर्यंत त्यांना विचारत, काऊन आली वो वापस? मॅडम हसून विषय बदलत. परत येण्याचं कारण त्यांनी मलाही कधी सांगितलं नाही आणि मी ते इथे रचून सांगणार नाही.

त्यांचं सगळं संशोधन एका प्रश्नाभोवती आहे. आपल्या शरीरातली मूळपेशी, जिला लोक स्टेम सेल म्हणतात, ती अजून काहीच झालेली नसते. तिच्यातून कातडी होऊ शकते, स्नायू होऊ शकतो, मेंदूतली चेतापेशीही होऊ शकते. आणि गंमत अशी की या सगळ्या पेशींमध्ये जनुकं तीच असतात. मग एक पेशी कातडी आणि दुसरी चेतापेशी कशी होते? हिंगणीच्या शाळेत मॅडम हे सांगायला गेल्या होत्या तेव्हा मी सोबत होते. त्या मुलींना म्हणाल्या, प्रत्येकीच्या घरी तेच डबे आहेत, तूर, गहू, ज्वारी, तिखट. ताटात काय येणार ते कोणता डबा उघडला आणि कोणत्याचं झाकण लावून ठेवलं, यावर ठरतं. पेशीतही काही प्रथिनं जनुकांवर बसून ती उघडतात, काही त्यांना झाकून ठेवतात. चेतापेशीची जनुकं मूळपेशीत असतातच, पण त्यांच्यावर पहारा असतो. पहारा उठला की आधी दोन-चार म्होरकी जनुकं जागी होतात, ती पुढच्यांना जागं करतात, आणि हळूहळू त्या पेशीला लांब धागे फुटू लागतात.

मॅडमचा जीव रमायचा तो या पहाऱ्यात. चेतापेशी हो, असा हुकूम कोणीतरी द्यावा लागतो, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात गर्भाच्या सुरुवातीच्या काळात शेजारच्या पेशी 'तू कातडी हो' असा संदेश पाठवत असतात. तो संदेश पोहोचलाच नाही, तर यातल्या कितीतरी पेशी आपसूक चेतापेशीच्या वाटेला लागतात. म्हणजे काय मिळालं एवढंच विचारून भागत नाही, काय मिळालं नाही हेही विचारावं लागतं. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरून झालं.

मॅडमच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. कोणताही प्रयोग असो, त्यात एक कोरी डिश असायची. तिच्यात त्याच पेशी, तेच पोषणद्रव, तीच ऊब. फक्त ज्या गोष्टीची परीक्षा चालली आहे ती तिच्यात घालायची नाही. असा नियम जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. पण मॅडमचा शिरस्ता असा की सगळ्यात आधी कोरी डिश बघायची, मगच बाकीच्या. सूक्ष्मदर्शकाखाली दुसरी डिश आधी सरकवणाऱ्याची त्या खरडपट्टी काढत. आधी चांगलं बघितलं की माणसाला तेच बघावंसं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या सुमारास संचालकांनी एक वेल डोक्यात घेतली होती. बोर अभयारण्याजवळच्या जंगलातून आणलेल्या त्या वेलीच्या मुळीचा अर्क मूळपेशींवर घालून बघा, म्हणून त्यांनी मॅडमच्या मागे टुमणं लावलं. मॅडमनी नकार दिला नाही. बघायला काय हरकत आहे, म्हणाल्या, आणि काम माझ्याकडे दिलं. नेमकं तेव्हाच आमचं सीरम बिघडलं. सीरम म्हणजे पेशींच्या पोषणद्रवात घालायचा, वासराच्या रक्तातून काढलेला द्रव. तो गोठवलेला यायचा. त्या वेळी मे महिन्याच्या उन्हात तो कुठे कुठे पडून राहिला कोण जाणे, हाती आला तेव्हा कढीसारखा कोमट होता. मॅडमनी तो फेकायला लावला आणि सीरमशिवाय चालणारं दुसरं पोषणद्रव वापरून प्रयोग पुढे न्यायचं ठरलं.

काही दिवसांनी अर्काच्या डिशमध्ये पेशींना धागे फुटले. इतके सुंदर की कोरी डिश आधी बघायचा शिरस्ता विसरून मी व्हरांड्यात नाचले. संचालक स्वतः जिना चढून आले, सूक्ष्मदर्शकात डोकावले, आणि मॅडम एका बैठकीसाठी नागपूरला गेल्या होत्या तेवढ्यात त्यांनी पत्रकार बोलावले. दुसऱ्या दिवशी छापून आलं: वर्ध्यात लकव्यावर औषध, पाठीचा कणा मोडलेले चालू लागणार. माझ्या डिशचा फोटो आणि त्याखाली साहेबांचा फोटो, तोही डिशपेक्षा मोठा.

मॅडम परत आल्या, हातपाय धुतले आणि शिरस्त्याप्रमाणे आधी कोरी डिश बघितली. बराच वेळ बघितली. मग मला बोलावून बघायला सांगितलं. कोऱ्या डिशमध्येही धागे होते. तेवढेच, तितकेच सुंदर. वेलीच्या अर्कानं काहीही केलं नव्हतं. कातडीकडे नेणारे संदेश सीरममधून येत, ते सीरमच नव्हतं, म्हणून सगळ्याच पेशी चेतापेशीच्या वाटेला लागल्या होत्या.

मॅडम मला घेऊन संचालकांच्या दालनात गेल्या. त्यांचा चेहरा पडेल अशी माझी भाबडी समजूत होती. छे! ते शांतपणे चहा पीत म्हणाले की त्या एका डिशचं एवढं काय घेऊन बसलात, तिचा उल्लेख नाही केला तर कोणाचं काय बिघडतं. मॅडम उभ्याच होत्या.

"साहेब, ती एक डिश नाही. तोच प्रयोग आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या तिच्यासाठी मांडल्या होत्या."

साहेब म्हणाले, लोकांना आशा मिळाली आहे, ती तुम्ही काढून घेणार का? हे वाक्य मला आजही आठवतं आणि आजही कानशिलं तापतात. आशा म्हणे! दुसऱ्याच्या मोडलेल्या कण्यावर स्वतःचा फोटो छापायचा आणि त्याला आशा म्हणायचं. मॅडमनी वर्तमानपत्राला खुलासा पाठवला. तो कुठल्याशा आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात आला.

दरम्यान संस्थेत फोन सुरू झाले होते. आर्वी, पुलगाव, पार चंद्रपूरपासून लोक विचारत होते की औषध कधी मिळेल. संचालकांनी त्यासाठी एक माणूस बसवला होता आणि तो नावं नोंदवून घेत होता. आणि आता जे लिहिते आहे ते वाचकांनी नीट वाचावं. तो माणूस त्या लोकांना सांगत होता की औषधाचा गुण स्वच्छ दिसावा म्हणून तोवर बाकीचे उपचार बंद ठेवा. हे मॅडमना कळलं तशा त्या थेट त्याच्या टेबलापाशी गेल्या. त्यांनी ती नावं मागितली, दिली नाहीत. मग त्या स्वतः फोनपाशी जाऊन बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगू लागल्या. आधी ज्यांची नावं नोंदली गेली होती, त्यांतल्या एका घराचा पत्ता तेवढा मला माहीत होता, कारण समुद्रपूरच्या त्या बाई चौकशीला प्रयोगशाळेपर्यंत येऊन गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं समुद्रपूरला गेलो. कांताबाई उमाटे यांचा मुलगा नितीन, विशीतला, कापूस भरलेल्या मेटॅडोरवरून पडून कमरेखाली लुळा झाला होता. बाजेवर होता. आम्हाला बघून कांताबाईंचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. औषध घेऊनच आम्ही आलो, असं त्यांना वाटलं. मॅडमनी बाजेशेजारी बसून सगळं सांगितलं, आर्वीच्या बोलीत, एकही अवघड शब्द न वापरता. त्या वेलीत काही नाही. छापलं ते खरं नाही. कांताबाई ऐकत राहिल्या आणि मग त्यांचा आवाज चढला.

"मॅडम, नाई सांगाले इतक्या दूर आल्या का तुमी?"

"हो माय," मॅडम म्हणाल्या. "खोटं हो म्हननारे फोनवरून सांगतीन. नाई सांगाले मानसानं सोता यावं लागते."

कांताबाई आत निघून गेल्या. भांडी आपटल्याचे आवाज येत होते. नितीन छताकडे बघत होता. तिकडेच बघत त्यानं विचारलं, मंग मी चालन का नाई? मॅडमनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या की मले माईत नाई, आणि माईत आहे म्हणून जो आज सांगते तो खोटं बोलून राह्यला. मग त्यांनी विचारलं की व्यायाम कोण करून घेतं. तो म्हणाला, बंद केला. कुशीवर कोण वळवतं? तेही आता कोणी करत नव्हतं. औषध येणारच होतं, तोवर पोराला कशाला त्रास, असं घरच्यांना वाटलं होतं, आणि संस्थेचाच तसा निरोप होता. मॅडमनी त्याला वळवलं. पडून पडून कमरेपाशी जखम झाली होती, चांगलीच खोल.

मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं, पण ती जखम बघताना आला तेवढा संताप दुसऱ्या कशाचाच आला नाही. सेवाग्रामच्या रस्त्यानं जाताना तोच संताप आजही येतो. वर्तमानपत्रातल्या एका फोटोपायी धडधाकट छातीचं पोर त्या जखमेनं मेलं असतं, आणि मेलं असतं तर साहेबांना ते कळलंही नसतं. मॅडमनी कांताबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी जखम बघितली आणि डोक्याला हात लावून खाली बसल्या. मॅडमनी त्यांना रडू दिलं नाही. गावातली जीप ठरवली आणि त्याच दुपारी नितीनला सेवाग्रामच्या इस्पितळात नेलं. वाटेत त्याचं डोकं कांताबाईंच्या मांडीवर आणि पाय मॅडमच्या मांडीवर होते.

जखम भरायला पावसाळा गेला. मॅडम दर आठवड्याला जात. कांताबाई आधी अबोल होत्या, मग भांडू लागल्या, मग मॅडमसाठी मुद्दाम वडा-भात रांधू लागल्या. व्यायाम पुन्हा सुरू झाला. नितीन चालला नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण अशा लेखांत शेवटी सगळं गोड होतं असा वाचकांचा समज असतो. तो चालत नाही. पण आज समुद्रपूरला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आसपासच्या गावांचे जळालेले पंप त्याच्याकडे येतात, आणि मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून तो तालुकाभर फिरतो. तोंडाचा फटकळ आहे. माझी तो कायम थट्टा करतो की तुमच्या डिशमधल्या पेशीले धागे फुटले, माया कण्यात काऊन नाई फुटून राह्यले? मी त्याला मॅडमकडे पाठवते. मॅडम त्याला नीट उत्तर देतात. डिशमध्ये पहारा उठवणं आणि माणसाच्या जखमी कण्यात तो नेमक्या जागी, नेमक्या वेळी उठवणं यांत किती अंतर आहे, आणि मध्येच भलताच डबा उघडला तर गाठ होण्याचा धोका कसा असतो, ते सगळं. त्याला आता माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा ते जास्त समजतं, कारण त्याला ते ऐकायची गरज आहे.

मॅडमना याचं काय बक्षीस मिळालं? त्यांची पेशींची खोली काढून घेण्यात आली. कारण दिलं जागेच्या टंचाईचं. तिथे आज पाहुण्यांसाठी सोफा आणि एसी आहे. मॅडमनी निवृत्तीपर्यंतचा काळ व्हरांड्यात टेबल टाकून काढला आणि नागपूरच्या एका स्नेह्यांच्या प्रयोगशाळेत आम्हा विद्यार्थ्यांची सोय लावली. माझा प्रबंध तर बुडालाच होता. वेलीवरचा प्रबंध, आणि वेलीत काही नाही! मॅडम म्हणाल्या, कोऱ्या डिशवर लिही. तिथे पहारा कसा उठला ते शोध. तो शोधायला मला आणखी बरीच वर्षं लागली, पण आज मी जे काही आहे ते त्या कोऱ्या डिशमुळे आहे. व्हरांड्यात उन्हाची तिरीप सरकेल तसं मॅडम टेबल सरकवत आणि माझं लेखन तपासत. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. ती मी करते आहे, आणि करत राहणार आहे.

आता या सोहळ्याविषयी. संस्थेच्या सभागृहात मॅडमचा सत्कार ठरला. शाल कोणाच्या हस्ते हवी, असं समितीनं विचारलं तेव्हा मॅडमनी नितीन उमाटे हे नाव दिलं. समितीची पंचाईत झाली. व्यासपीठाला नुसत्या पायऱ्या आहेत, उतरण नाही. मग निरोप आला की काही अडचण नाही, चार मुलं नितीनला चाकांच्या खुर्चीसकट उचलून वर नेतील. नितीननं सांगितलं, मले उचलाचं नाई. त्याचं बरोबर आहे. तो मोटर नाही. ज्या संस्थेनं मोडलेल्या कण्याच्या माणसांना चालवण्याची घोषणा केली, तिला इतक्या वर्षांत चार पायऱ्यांशेजारी एक उतरण बांधता आलेली नाही. मॅडमनी एवढंच कळवलं की त्यांची खुर्ची खाली, नितीनच्या शेजारी मांडा.

झाडे मॅडमना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे शेवटपर्यंत त्यांना साथ देवोत, आणि त्यांचा राग कधीही कमी न होवो, ही आम्हा विद्यार्थ्यांची मनापासूनची इच्छा आहे. सोहळ्याच्या दिवशी त्या खालीच बसतील. व्यासपीठावरच्या ज्या मान्यवरांना त्यांचं अभिनंदन करायचं असेल, त्यांनी पायऱ्या उतरून यावं. त्यांचे पाय शाबूत आहेत.